एकोणीस नंबरचा खण

ट्रे जागेवर नव्हता म्हणून हे सगळं झालं. ट्रे असता तर फोन त्याच्या तळहातावर आलाच नसता, आणि तळहातावर आला नसता तर तो गार आहे हे त्याला या जन्मात कळलं नसतं. पण शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बाईंना नेमका त्याच दिवशी काचेच्या नळ्या ठेवायला ट्रे हवा झाला, शिपायाने कुणाला न विचारता तो उचलून नेला, आणि सकाळी सव्वासातला दहावीची रांग लायब्ररीच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा ग्रंथपालाने वैतागून सरळ हातच पुढे केला. "इथे द्या. एकेक जण. आणि शूऽऽ." पोरं हसली. या शूऽऽवरून शाळेत त्याचं नाव शूसर पडलं होतं, हे त्याला माहीत होतं आणि माहीत नसल्यासारखं वागायचं हेही त्याने ठरवून टाकलं होतं. पहिला फोन हातावर आला आणि तो जरा दचकला. कोमट होता. दुसराही. तिसरा तर चांगलाच ऊनऊन, म्हणजे दारापर्यंत गेम चालू असणार. रोज ट्रेमध्ये पडणारे काळे चौकोन तो नजरेनेच मोजत आला होता; त्यांना कुणाच्या तरी अंगाची ऊब असते हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. कुणाच्या खिशातली, कुणाच्या मुठीतली. कोंबडीखालून नुकतंच काढलेलं अंडं हातात घ्यावं तसं वाटत होतं, आणि त्याला ते आवडलं नाही. इतक्या जणांचं इतकं जवळचं काही आपल्या हातात येऊ नये. सतरा. अठरा. मग एकोणिसावा नंबर आला. पिवळं कव्हर, ओळखीचा हात, नखाशी शाईचा डाग. त्याच्या मुलीचा हात. फोन तळहातावर पडला आणि तो गार होता. फरशीसारखा गार.

मुलीने वर पाहिलं नाही. शाळेच्या फाटकाच्या आत ती त्याला ओळखत नसे. तसा दोघांचा करारच होता. घरापासून फाटकापर्यंत बाबा, फाटकाच्या आत सर, आणि फाटक यायच्या दहा पावलं आधी ती पुढे सटकणार. घरात तिला खारू म्हणत. लहानपणी बटणं, खोडरबराचे तुकडे, पेन्सिलींची टोकं, जे सापडेल ते गालात नाहीतर खिशात कोंबून ठेवायची, आणि कपडे भिजवण्याआधी आईला तिचे खिसे उलटे करून झटकावे लागत, म्हणून खारू. लपवायची सवय तेव्हापासूनचीच तर, असं आता त्याच्या मनात आलं. ज्या गोष्टीवर घरात इतकी वर्षं सगळे हसत आले तिच्याकडे त्याने पहिल्यांदाच वाकड्या नजरेने पाहिलं. विसावा फोन कोमट. एकविसावा कोमट. बेचाळिसाव्यापर्यंत जेवढे आले तेवढे सगळे कोमट. बाहेर थंडी आहे म्हणावं, तर थंडी काय एकट्या तिच्याच दप्तराला होती? तिची मैत्रीण, ती चष्मेवाली, तिचाही फोन दप्तरातूनच निघाला होता आणि त्यालाही थोडी धग होतीच. त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि एकदा चुकचुकली की ती त्याच्या मनातून लवकर हलत नसे, हा त्याचा जुना आजार होता.

रांग संपली. त्याने दार लोटलं आणि कपाटासमोर उभा राहिला. हे कपाट म्हणजे त्याचा अभिमान. कॉम्प्युटर येण्याआधी लायब्ररीतल्या प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड असे आणि ती कार्डं या शिसवी कपाटाच्या शंभर छोट्या खणांत अक्षरांच्या क्रमाने राहत. कार्डं रद्दीत गेली, कपाट धूळ खात पडलं. मग शाळेत फोनवर बंदी घालायची की नाही यावर सभा झाली. काय ती सभा! खेळाचे सर हात नाचवत म्हणाले, बंदी घातली की पोरं चोरून आणणार, त्यापेक्षा कधी बाहेर काढायचा आणि कधी आत ठेवायचा ते शिकवा की. एक आई रडवेली होऊन म्हणाली, माझी मुलगी दोन बस बदलून येते, वाटेत काही झालं तर मी कुणाला विचारू? एक बाप म्हणाला, घरी आम्हाला जमत नाही, निदान तुम्ही तरी काढून घ्या. कुणाचंच अगदी चूक नव्हतं आणि म्हणूनच आवाज चढत चालले होते. तेव्हा ग्रंथपाल उठून उभा राहिला, आयुष्यात पहिल्यांदा सभेत, आणि म्हणाला, "वाटेत असू दे. वर्गात नको. माझ्याकडे कपाट आहे." टाळ्या पडल्या. मुख्याध्यापिका, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत, त्या म्हणाल्या, झालं तर मग. नियम त्यानेच लिहिले. दहावीपासून सुरुवात. ज्याचा हजेरीपटावर जो नंबर तोच खण. दप्तरात दुसरा फोन सापडला तर बोर्डाच्या परीक्षेला बसू दिलं जाणार नाही, ही शेवटची ओळ मोठ्या बाईंची. पण रिकाम्या खणाची ओळ त्याची स्वतःची. पहिल्याच आठवड्यात अकरा जण मान वर करून म्हणाले होते, सर, आम्ही फोन आणतच नाही, आणि त्यांतल्या सहांच्या मोज्यांत फोन निघाले. एकाने तर कव्हरमध्ये अंगाचा साबण घालून ठेवला होता, तो वासावरून पकडला. तेव्हा त्याने लिहिलं: खण रिकामा राहिल्यास त्या दिवशीचं पालकांच्या सहीचं पत्र आणावं. रोजच्या रोज. फोनच नाही असं मूल असतं, यावर त्याचा विश्वास उरला नव्हता.

एकोणीस नंबरच्या खणावर पितळेच्या चौकटीत अजून जुनी चिठ्ठी होती, पक्षी ते पत्र. त्याने किल्ली लावली. स्वतःच्या मुलीचा खण उघडताना हात का चोरटे झाले हे त्याला कळेना. कपाट त्याचं, किल्ली त्याची, मुलगीही त्याचीच. बाजूचं बटण दाबलं. काही नाही. धरून ठेवलं. काळ्या काचेत फक्त त्याचं नाक आणि चष्मा. मग त्याने पिवळं कव्हर सोललं, आणि आतला फोन त्याने लगेच ओळखला. तो बायकोचा जुना फोन होता. उजव्या कोपऱ्याला तडा, जिन्यावरून घसरली होती तेव्हाचा. वर्ष झालं त्याला मरून. सोंग! रोज सकाळी त्याच्या देखत, त्याच्याच ट्रेमध्ये, त्याच्या नाकावर टिच्चून ती एक मेलेला फोन ठेवत होती, आणि तो वहीत खूण करत होता. त्याला आधी राग आला, मग भीती वाटली, आणि भीतीच जास्त होती. जिवंत फोन मग कुठे आहे? आत्ता या क्षणी, वरच्या मजल्यावर, कुठल्या बाकाखाली, कुणासाठी?

तिच्या फोनमध्ये काय असतं हे खरं तर त्याला ठाऊक होतं. म्हणजे ठाऊक आहे असं तो समजत होता. चार महिन्यांपूर्वी दुरुस्तीहून आणलेला लायब्ररीतला कॉम्प्युटर एक दिवस घरी होता, तेव्हा ती आंघोळीला गेलेली असताना त्याने तिचे मेसेज त्याला जोडून घेतले होते. दोन मिनिटांचं काम. त्याच्या टेबलावरच्या पडद्यावर, पुस्तकांच्या यादीच्या मागे, एक खिडकी कायम उघडी असे, आणि सकाळी खणांना कुलूप लावून झालं की चहाचा कप घेऊन तो ती पुढे ओढत असे. यात काही गैर आहे असं त्याला वाटलं नव्हतं. काळजी म्हणतात याला. सुरुवातीला वाचण्याआधी तो दाराकडे पाहून घेई. पण होतं काय त्यात? चष्मेवालीशी चाललेली बडबड, मास्तरांच्या नकला, हा मुलगा कसा दिसतो आणि तो कसा चालतो. आणि मधेच एखादी ओळ, की तो चहा टेबलावर ठेवून देई. ‘मला विज्ञानाला जायचंच नाहीये पण बाबाला कसं सांगू तो सगळं ऐकून घेतो आणि मग तोंड पाडून बसतो’ ही ओळ त्याने कितीतरी वेळा वाचली. तोंड पाडतो? आपण? मग दोन दिवस मनाशी झगडून तो शहाणा झाला, आणि जेवताना, जणू सहज, ताटातून मान वर न करता म्हणाला, "दहावीनंतर विज्ञानच घ्यायला हवं असं काही नाही हं. तुला वाटेल ते घे. आणि मी काही तोंड पाडून बसणार नाही." मुलीचा घास हातातच राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ, मग खाली पाहिलं आणि जेवू लागली. किती बरं वाटलं होतं त्याला! न सांगता मुलीच्या मनातलं ओळखणारा बाप. आणि त्यानंतर तर मेसेजही कसे गोड होत गेले. ‘आज बाबाने भूमिती समजावली. किती छान समजावतो.’ चष्मेवालीचं उत्तर: ‘खरंच, तुझे बाबा आदर्श आहेत.’ पोरगी सुधारली, असं त्याला वाटलं होतं. तीन आठवडे तो मजेत चहा पीत होता.

तिला बोलावून सरळ विचारता आलं असतं. मधल्या सुट्टीत, हळूच, खारू, हे काय आहे? पण विचारलं असतं तर ती खोटं बोलली असती, आणि तिला खोटं बोलताना पाहायची त्याची तयारी नव्हती. निदान त्याने स्वतःला तसं सांगितलं. तो जिना चढून मोठ्या बाईंच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "दहावीत कुणाकडे तरी दोन फोन आहेत, असा मला संशय आहे."

"कुणाकडे?"

"नक्की नाही सांगता येत."

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमची मुलगीही त्याच वर्गात आहे ना?"

"म्हणूनच सांगतोय," तो म्हणाला, आणि हे वाक्य आपण कुठून आणलं याचं त्यालाच नवल वाटलं. परीक्षेची ओळ त्याला आठवत नव्हती असं नाही. वर्गाकडे जाताना ती ओळ त्याच्या पायात येत होती. सापडला तर वर्ष जाणार. त्याच्या हाताने, त्याच्या मुलीचं. पण न सांगता गप्प राहिलो असतो तर? मग आपण कसले ग्रंथपाल, आणि कसले बाप?  वर्गाच्या दारात तो उभा राहिला. खेळाच्या सरांना झडतीला लावलं होतं आणि ते नाइलाजाने एकेक दप्तर बाकावर रिकामं करत होते, मुलांची माफी मागितल्यासारखे. डबे, कंपास, कंगवे, एका मुलाच्या दप्तरात तर चक्क एकच चप्पल. एकोणीस नंबरचं दप्तर उलटं झालं. वह्या. पाण्याची बाटली. शाईची बाटली, कारण हल्ली तिला शाईच्या पेनाचं वेड लागलं होतं. लायब्ररीतलं गांडूळखतावरचं जाडजूड पुस्तक. एक मोजा. सरांनी मोजा दाबून पाहिला, खाली ठेवला. "नाही काही," ते म्हणाले. त्याचा श्वास मोकळा झाला, आणि त्याच क्षणी त्याला दिसलं की मुलगी दप्तराकडे पाहतच नाहीये, सरांकडेही नाही. ती दाराकडे पाहत होती. त्याच्याकडे. घास हातात धरून पाहिलं होतं तशीच. वर्गात एकाच्याही दप्तरात काही सापडलं नाही, आणि खेळाचे सर बाहेर येऊन त्याला म्हणाले, "झालं समाधान? आता ही पोरं आठवडाभर माझ्याशी धड बोलायची नाहीत."

समाधान कसलं. सापडला नाही म्हणजे कुठे तरी आहे. चष्मेवालीकडे? तिचंही दप्तर पाहून झालं होतं. संडासात, छपराच्या खाचेत, शिपायाकडे? शिपायाने आजच नेमका ट्रे उचलावा यातही त्याला आता काही तरी दिसू लागलं. डोकं दुखतंय सांगून तो भर दुपारी घरी निघाला. वर्षानुवर्षं शाळेच्या वेळेत त्याने हा रस्ता पाहिला नव्हता; दुकानांची दारं अर्धी ओढलेली, बाल्कन्यांतून वाळत घातलेले कपडे, आणि आपण कुणाच्या तरी गैरहजेरीत शिरतोय असं सारखं वाटत होतं. घरात शांतता होती. ‘बाबा घरात असला की घर शांत नसतं, ऐकत असतं’ ही पण तिचीच एक ओळ, जुनी. तेव्हा त्याला ती कविता वाटली होती आणि कौतुक वाटलं होतं. मुलीच्या टेबलाचा वरचा खण. कुलूप नव्हतं. आत फोन होता, कव्हराशिवाय, नागडा, चार्जरला लावलेला. शंभर टक्के. तो नुसता बघत उभा राहिला. लपवलेलासुद्धा नव्हता.

दार वाजलं आणि बायको आत आली. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची, सकाळची पाळी, लोकांच्या शिरा शोधून शोधून नजर अशी झाली होती की तिच्यापासून काही दडत नसे. तिने त्याच्याकडे पाहिलं, उघड्या खणाकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली. "तुम्ही या वेळी घरी? आणि तिच्या खणात काय शोधताय?"

"तुझा जुना फोन तिच्याकडे कसा आला?"

"मागितला तिने. दिला. पडूनच होता."

"कशाला हवा, ते नाही विचारलंस?"

"विचारलं की. म्हणाली, मी माझा फोन आता शाळेत नेत नाही, पण खण रिकामा चालत नाही. रोज घरच्या सहीचं पत्र बाबाच्या हातात द्यावं लागतं." बायको चपला काढता काढता हसली. "म्हटलं, मग मी करते की सही, बाप काय परका आहे? तर म्हणाली, पत्र दिलं की तो का म्हणून विचारेल. आणि का ते मला सांगायचं नाहीये."

"आणि तू मला बोलली नाहीस."

"तिने सांगू नको म्हटलं. मी नाही सांगितलं. त्यात काय? पोरीने आपणहून फोन घरी ठेवला, सोन्यासारखी गोष्ट. अख्ख्या शाळेत एकीने तुमचा नियम मनापासून पाळला, आणि तिलाच सोंग करावं लागतंय." मग ती थांबली. "झालंय काय पण? तुम्ही असे पांढरेफटक का पडलात?"

 मुलीच्या फोनच्या कुलपाचा आकडा त्याला माहीत होता, तो त्याने दाबला. मेसेज तेच, त्याने वाचलेलेच, शब्दाला शब्द. मग तो जोडलेल्या यंत्रांच्या पानावर गेला. तिथे एकच नोंद होती, लायब्ररीतला कॉम्प्युटर, आणि खाली लिहिलं होतं, चालू. चार महिने तिथे ते लिहिलेलं होतं. कुणीही एकदा पाहिलं असतं तरी दिसलं असतं. त्याने बोटाने मेसेज मागे सरकवले, त्या जेवणाच्या दिवसापर्यंत. त्याच्या आधल्या दिवशी नकला, शिव्या, अर्धवट तोडलेले शब्द. त्याच्या नंतरच्या दिवशी, ‘आज बाबाने भूमिती समजावली.’ पूर्णविरामासकट. आदर्श! दहावीतली पोरगी मैत्रिणीच्या बापाला आदर्श म्हणून लिहिते? आणि आपण चहा पीत ते वाचलं? तोंड पाडून, तोंड पाडून, तिचाच शब्द आपण तिच्यासमोर ताटात वाढला. त्याला भयंकर लाज वाटली, कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिने भांडण केलं नाही, रडारड केली नाही, जोड काढूनही टाकली नाही, कारण काढली असती तर त्याला कळलं असतं. तिने फोन त्याच्यासाठी ठेवून दिला. हवा होता ना तुला? घे. रोज संध्याकाळी दोन ओळी ती त्याला लिहीत होती, कुत्र्याला बिस्किट टाकावं तशा, आणि तो शेपटी हलवत होता. "मी तिचे मेसेज वाचत होतो," तो बायकोला म्हणाला. बायको खुर्चीवर बसली. मग ती म्हणाली, "आयुष्यभर पुस्तकांवर शिक्के मारलेत, आता माणसांवरही मारायला लागलात." तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मुलगी क्लास करून घरी आली, झडतीबद्दल एक अक्षर बोलली नाही, त्यानेही काढलं नाही. तो मनात वाक्यं जुळवत होता आणि प्रत्येक वाक्य ऐन वेळी चुकीचं वाटत होतं. माफी मागायची तर आधी कबूल करायला हवं, आणि तिला तर सगळं माहीतच आहे, मग कबूल काय करायचं? पण याच्याही खाली, लाजेच्याही खाली, आणखी एक प्रश्न सारखा टोचत होता आणि त्याची त्याला जास्तच लाज वाटत होती. मेसेज जर खोटे, तर खरं ती कुठे लिहिते? नखाशी शाई. शाईचं पेन. कुणाला, कुठे? सवय जात नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रे परत आलेला होता, पण त्याने तो कपाटावर उलटा ठेवला आणि हातच पुढे केला. एकोणीस नंबर. गार. या वेळी त्याने तो मेलेला फोन जपून खणात ठेवला, काचेची वस्तू ठेवावी तसा.

पहिल्या तासानंतर चष्मेवाली लायब्ररीत आली आणि पुस्तक परत केलं. गांडूळखत. काल झडतीत खारूच्या दप्तरात होतं ते; तो घरी गेल्यावर शिपायाने नोंद बदलून दिलेलं दिसत होतं. "एका रात्रीत वाचलंस?" तो म्हणाला. चष्मेवाली म्हणाली, "खूप छान आहे, सर," आणि जवळजवळ पळालीच. त्याने सवयीने मागचं कव्हर उघडलं, तारखांच्या चिठ्ठीवर परत आल्याचा शिक्का मारला, आणि शिक्का मारता मारता त्याला त्या चिठ्ठीवरचे नंबर दिसले. एकोणीस, चौतीस, एकोणीस, चौतीस, एकोणीस, चौतीस. तीन आठवडे. चौतीस नंबर चष्मेवालीचा. त्याआधीची नोंद होती नऊ वर्षांपूर्वीची. त्याने कव्हर मिटलं. पुस्तक मधोमध जरा फुगलेलं होतं, आणि वरच्या कडेतून घडी घातलेल्या कागदाचा पांढरा कोपरा, नखभर, बाहेर डोकावत होता. तर इथे. त्याच्याच लायब्ररीत, त्याच्याच हातून जात-येत, त्याच्याच शिक्क्याखाली! कुणी चुकूनही हात लावणार नाही असं पुस्तक हजारोंतून शोधून काढायला लायब्ररीच्या माणसाचीच मुलगी हवी. त्याला हसू आलं, डोळ्यांत पाणीही आलं. मग हसू गेलं आणि त्याचा हात पुस्तकावर तसाच राहिला. खोलीत कुणी नव्हतं. घडी उघडायला किती वेळ लागतो? यात खरं होतं, शाईतलं, तोडलेल्या शब्दांचं. आपल्याबद्दल काय म्हणते ती? कालच्या झडतीबद्दल? द्वेष करते का? एकच ओळ, मग मिटून ठेवू, कोण बघतंय. अंगठा त्या कोपऱ्यापर्यंत गेला. घड्याळाचा काटा सरकलेला त्याला ऐकू आला. मग त्याने हात काढून घेतला. दोन्ही हात मांडीखाली घालून शाळकरी पोरासारखा तो बसून राहिला, मधल्या सुट्टीची घंटा होईपर्यंत. आयुष्यात इतकं कठीण काम त्याने केलं नव्हतं, आणि ते कुणाला दिसणारही नव्हतं.

तिथेच तो चुकला. ते कुणाला तरी दिसावं असं त्याला वाटलं. मुलगी आली, कपाटांमधून इकडेतिकडे हिंडल्यासारखं करत शेतीच्या पुस्तकांकडे गेली, तिथे पुस्तक नव्हतं. ती वळली. पुस्तक त्याच्या टेबलावर होतं. गप्प बसून नेहमीसारखं दिलं असतं तर काही झालं नसतं. तिला वाटलं असतं, अजून रॅकवर लावायचं राहिलंय. पण त्याने ते दोन्ही हातांनी उचलून तिच्यापुढे धरलं.  "हे घे, खारू. मी उघडलेलं नाही."

तिचा चेहरा कोरा झाला. तिने पुस्तक घेतलं, आणि मागचं कव्हर उघडलं. मिटलेल्या कव्हरात जांभळी शाई अजून पुरती वाळली नव्हती. आजची तारीख, ठळक, जराशी पसरलेली. तिने त्यावर बोट टेकवलं आणि बोटाला लागलेला रंग त्याला दाखवला.

"मग शिक्का कुठे मारलात, सर?"

"तेवढंच पान गं. मागचं. आतलं नाही पाहिलं. शपथ."

"बरं," ती म्हणाली. त्याच्याशी वाद घालण्यात तिला काही रस नव्हता, हेच सर्वांत वाईट होतं. लायब्ररीत दुसरं कुणी नव्हतं, तरी ती सर म्हणाली होती. तिने मधला कागद काढला, न वाचता चुरगळून मुठीत घेतला, पुस्तक टेबलावर ठेवलं, आणि दारापर्यंत जाऊन थांबली. "उद्यापासून माझा फोन आणते. खरा. आईचा परत ठेवते."

"नको आणूस," तो घाईघाईने म्हणाला. "रिकामा राहू दे खण. मी सही देतो. वर्षभराची देतो, एकदाच."

"नको," ती म्हणाली. "नियम सगळ्यांना सारखा."

दुसऱ्या दिवशी रांग लागली. बेचाळीस हात एकामागून एक. सतरा. अठरा. एकोणीस नंबरचा फोन तळहातावर पडला आणि तो कोमट होता, इतरांसारखाच, वाटभर मुठीत धरून आणल्यासारखा. नखाशी शाई नव्हती. तिने हात घासून धुतलेला दिसत होता. त्याने फोन खणात ठेवला, पक्षी ते पत्र, किल्ली फिरवली, वहीत खूण केली. रांग गेली. गांडूळखताचं पुस्तक रॅकवर आपल्या जागी होतं आणि ते आता आणखी नऊ वर्षं तिथेच राहणार होतं. मग तो कॉम्प्युटरसमोर बसला. काल घरी मनाची तयारी केली होती: सकाळी गेल्या गेल्या ही जोड काढून टाकायची, एकही अक्षर न वाचता. त्यासाठी खिडकी एकदा पुढे ओढावीच लागणार होती. त्याने ओढली. सर्वांत वर काल संध्याकाळचा मेसेज होता, चष्मेवालीला पाठवलेला, आणि तो न वाचता नजर फिरवणं त्याला जमलं नाही.

‘बाबाने पुस्तक उघडलं नाही. तो म्हणाला ना, मग नाहीच उघडलं. माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास आहे.’

शेवटी पूर्णविराम होता. एक क्षणभर, अगदी एकच क्षण, त्याला ते खरं वाटलं.